मेस्त्रीचे चव्वेचाळीस फेरे

घशाला काहीही झालेलं नाही, हे सगळ्यात आधी लिहून मोकळा होतो. एक गाठ आहे, वाटाण्याएवढी, आवाज जिथून निघतो त्या जागी. ती येत्या सात तारखेला काढायची आहे. डॉक्टरचं म्हणणं असं, की काढल्यावर दोन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि मग आवाज येईल, पण हाच येईल असं काही सांगता येत नाही. एवढंच. नळाची चकती बदलली की नळाचा आवाज बदलतोच, त्यात डोळे पुसण्यासारखं काय आहे? तू विचारलं नव्हतंस, हे मला माहीत आहे. पण सूनबाई आणि तुझी बायको फोनवर बोलतात आणि दोघी मिळून वाटाण्याचा नारळ करतात, म्हणून विचारायच्या आधीच उत्तर दिलं. आता तो विषय संपला.

चि. बारक्यास दादाचा आशीर्वाद. (हे वर लिहायचं असतं. राहिलं. तेवढ्यासाठी चांगला कागद फाडायची मला सवय नाही. आणि चौसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण दुसरं काय लिहिणार, धाकटा तो धाकटाच.) इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा कसा आहे? भावजयीची साखर किती आली? गच्चीवर चढून टाकी धुणं तू सोडलं असशील अशी आशा आहे, आणि सोडलं नसशील हे मला माहीत आहे. शिडीचा खालचा पाय बांधून घे, एवढं तरी कर.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू माझ्याशी नाकातून बोलतोस. बावीस वर्षं झाली, अजून नाकातून बोलतोस, आणि तुला वाटतं दादाला समजत नाही. आपला दोघांचा आवाज एक, हा काही माझा गुन्हा नाही. आईसुद्धा आतून विचारायची, कोण आलं? आपण म्हणायचो, मी. ती म्हणायची, कुठला मी? तेव्हापासूनचं हे दुखणं. पण त्या आवाजाचा उपयोग करून तू आपल्या पाणीखात्याच्या मोठ्या साहेबांना फोनवर सांगितलंस, की पाणी आज सुटणार नाही, घाई असेल तर साहेबांनी स्वतः येऊन चाक फिरवावं, आणि येताना टॉवेल आणावा. साहेबांना वाटलं मीच बोललो. पुढची दोन वर्षं मी डोंगरावरच्या टाकीवर माकडं हाकत बसलो. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, पुन्हा माझ्या आवाजात बोललास तर तुझं तोंड बघणार नाही. त्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? तू नाकातून बोलायला लागलास. असो. जुनं उकरत नाही. (टॉवेलाचं मात्र चांगलं होतं. हे मी कुणाला बोललेलो नाही.)

आता मुद्द्याचं. मी म्हातारपणी नाटकात शिरलो अशी बातमी तुमच्याकडे पोचली आहे, ती खोटी आहे. मी एका आकाशयानात मेस्त्री आहे. तेही चित्रातल्या. सूनबाई एका ठिकाणी आवाज भरून घ्यायचं काम करते, म्हणजे परदेशातली कार्टूनं येतात, त्यांना आपल्या भाषेत बोलायला लावतात. (कार्टून म्हणायचं नाही. ॲनिमे म्हणायचं. कार्टून म्हटलं की सूनबाई भाजीत मीठ कमी टाकते.) जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली गाद्यांचं दुकान, आणि वरच्या खोलीलाही चारी बाजूंनी गाद्याच लावलेल्या. आत गेलं की कानांना दडे बसल्यासारखं होतं. तिथं सात महिन्यांपूर्वी भिंतीत टप, टप असा आवाज यायला लागला. आपल्यासारख्याला तो ऐकूही आला नसता, पण त्यांच्या यंत्राला मुंगी शिंकलेली ऐकू येते. दोन प्लंबर येऊन गेले. एकानं फरशी फोडली, दुसऱ्यानं पहिल्याला नावं ठेवली. काम बंद पडलं. सूनबाई घरी येऊन जेवेना, तेव्हा मी म्हटलं, मी बघतो.

मी गेलो. आतल्या खोलीत भिंतीला कान लावला. त्या वेळी समोरच्या पडद्यावर कसलंसं चित्र चालू होतं, एक म्हातारा, डोक्याला फडकं, हातात पाना, मिशा माझ्यासारख्या. मी तिकडं पाहिलंही नाही. मला डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर, बरोबर सांध्यावर थेंब ऐकू आला. मी म्हटलं, "गळतंय. मी सांगितलं होतं." (सांगितलं होतंच. इमारत बांधत होते तेव्हा मी रस्त्यावरून जाताना म्हटलं होतं, हे लोक सांधे नीट भरत नाहीत.) मागं वळलो तर काचेपलीकडं सगळे उभे. सूनबाईच्या तोंडावर हात. मला वाटलं, कशाला तरी धक्का लागला, काहीतरी महागाचं फुटलं.

झालं होतं असं, की बोलायचं यंत्र चालूच राहिलं होतं, आणि माझं बोलणं त्या पडद्यावरच्या म्हाताऱ्याच्या तोंडात जसंच्या तसं बसलं. या धंद्यात तोंड बसणं हीच सगळी गंमत आहे, बारक्या. चित्रातल्या माणसाचं तोंड जेवढ्या वेळा उघडतं तेवढेच उच्चार हवेत, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या म्हाताऱ्याचं तोंड आठ वेळा उघडत होतं. त्यांच्याकडं संवाद लिहायला एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कवी म्हणतात, तेही स्वतःला तसंच समजतात. त्यांनी तिथं लिहिलं होतं, कर्णधार, आपल्या नौकेच्या उदरातून प्राणवायूचा ऱ्हास होत आहे. हे आठ वेळा तोंड उघडून म्हणून दाखव. चार दिवस एक चांगला शिकलेला नट ते म्हणत होता आणि दरवेळी चित्रातला म्हातारा तोंड मिटून बसल्यावरही याचा ऱ्हास चालूच राहायचा. मी भिंतीशी बोललो आणि काम झालं. दिग्दर्शकबाई बाहेर आल्या, मला म्हणाल्या, "काका, परत म्हणता?" मी म्हटलं, परत कशाला, एकदा गळतंय म्हटल्यावर आधी पाणी बंद करायचं असतं. तेही त्यांनी भरून घेतलं. पुढच्या भागात वापरलं.

तर असा मी मेस्त्री झालो. आता ते यान कसं आहे ते ऐक, म्हणजे तुला माझी अडचण कळेल. यान भलंमोठं, आपल्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्राएवढं, आणि त्यावर माणसं किती? अकरा. कर्णधार सतरा वर्षांचा. केस डोळ्यांवर. (एका भागातही कुणी त्याला म्हटलं नाही, की बाबा, केस काप, समोरचं दिसत नाही म्हणून तू सारखा आपटतोस.) शत्रू आला की हा खिडकीशी जाऊन उभा राहतो आणि भाषण करतो, आणि शत्रूसुद्धा इतका सभ्य, की भाषण संपेपर्यंत गोळी मारत नाही. मग हा आपल्या हत्याराचं नाव ओरडतो आणि मग ते हत्यार चालवतो. मी दिग्दर्शकबाईंना विचारलं, नाव ओरडल्याशिवाय ते चालत नाही का? मी बटण दाबायच्या आधी पंप क्रमांक तीन असं कधी ओरडलो नाही, तरी पंप चालू व्हायचा. त्या म्हणाल्या, काका, ती पद्धत असते. असेल. त्या कर्णधाराचा आवाज एक पंचेचाळीस वर्षांच्या बाई काढतात, दोन मुलींची आई. एकीकडं फोनवर घरी सांगतात, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, आणि फोन ठेवून लगेच, माझ्या वडिलांचा सूड घेतल्याशिवाय मी परतणार नाही. मनुष्य कामाला चोख. मला त्या आवडतात. खोलीत त्या आणि मी दोघंच अशी माणसं आहोत ज्यांना घरी जाऊन दुसरं काम असतं.

आणि मेस्त्री. मेस्त्री दर भागात दोनदा दिसतो, फार तर तीनदा. वर लढाई चाललेली असते, हा खाली पाइपाखाली आडवा. कुणी त्याला नाव दिलेलं नाही. मूळ भाषेत म्हणे त्याला नुसता नंबर आहे. पण बारक्या, मी सव्वीसच्या सव्वीस भागांची चित्रं डोळ्यांत तेल घालून बघितली (शेवटचे दोन सोडून, ते त्यांनी दाखवले नाहीत, का ते पुढं येईल), आणि तुला सांगतो, त्या यानात शहाणा माणूस एकच. हवा कुठून येते, पाणी कुठं जातं, दिवा का लुकलुकतो, हे त्या एकट्याला माहीत. बाकी दहाजण ताऱ्यांकडं बघत उभे. चौथ्या भागात कर्णधार म्हणतो, आपण सगळे इथं का आहोत? सगळे गप्प, वाजंत्री चालू. मेस्त्री म्हणतो, "बाजूला व्हा, तिथं झाकण आहे." कवींनी ते वाक्य तीनदा खोडलं. दिग्दर्शकबाईंनी चारदा परत लिहिलं.

कवींचं आणि माझं पटत नाही असं नाही. सज्जन माणूस आहे. पण एका शब्दात काम होत असेल तर त्यांना झोप लागत नाही. मला म्हणाले, काका, तुमचा मेस्त्री फार कोरडा बोलतो. मी म्हटलं, पाण्यात काम करणारा माणूस कोरडाच बोलणार. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला वाटलं राग आला, तर पुढच्या आठवड्यात ते वाक्य त्यांनी कर्णधाराच्या तोंडी घातलं आणि वर स्वतःचं नाव लावलं.

लोक ओळखायला लागले, हे खरं आहे. किराणा दुकानात मी म्हटलं, साबण द्या, तर दुकानदाराची म्हातारी आतून म्हणाली, "मेस्त्री आलाय." बँकेत, बसमध्ये, सगळीकडं तेच. त्या घशाच्या डॉक्टरकडं (सूनबाईच्या हट्टापायी गेलो, नाहीतर काही कारण नव्हतं) मी आऽ केलं, तर परिचारिका तपासायच्या आधी म्हणते कशी, "डॉक्टर, गळतंय." डॉक्टर हसला नाही. तेवढ्यावरून मी समजायचं ते समजलो. पण तो विषय आपला नाही.

आपला विषय चोविसावा भाग. त्यात असं होतं, की यानाच्या मागच्या अंगाला भोक पडतं आणि हवा जायला लागते. यंत्रानं ती थांबत नाही. कुणीतरी मागच्या खोलीत जाऊन हातानं चाक फिरवून मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि तो बंद होईतो मधलं दार लावून घ्यायचं. म्हणजे जो गेला तो पलीकडं. कर्णधार म्हणतो, मी जातो. दुसरी एक मुलगी म्हणते, नाही, मी जाते. तिसरा म्हणतो, माझा भूतकाळ असा असा आहे, म्हणून मीच गेलं पाहिजे. अर्धा भाग यातच जातो, आणि हवा चाललीच आहे. तेवढ्यात मेस्त्री पाना घेऊन गेलेला असतो. कुणाला न सांगता. बघतात तर दार आतून लावलेलं.

हे बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि दारापर्यंत जाऊन परत आलो. (गुडघा वाजला. तोही त्यांनी भरून घेतला, यानाचा खांब तडकण्याच्या जागी.)

आता मेख इथं आहे. आत गेल्यावर मेस्त्रीच्या डोक्यावर काचेचा टोप असतो आणि काचेवर वाफ धरलेली, म्हणजे तोंड दिसतच नाही. तोंड दिसत नाही म्हटल्यावर बसवायचा प्रश्न नाही. दीड मिनिट चित्र, हवं ते बोला. कवींना सात महिन्यांत पहिल्यांदाच मोकळं रान मिळालं. त्यांनी दीड पान लिहून आणलं. मेस्त्री चाक फिरवता फिरवता आपल्या आईला आठवतो, निळ्या ग्रहाला नमस्कार करतो, कर्णधाराला तू माझ्या मुलासारखा म्हणतो, आणि शेवटी काळोख, प्रकाश आणि काळोख असं काहीतरी. वाचता वाचता कवींना स्वतःलाच दोनदा थांबावं लागलं. कर्णधारबाईंनी डोळे टिपले. मी म्हटलं, मी हे म्हणणार नाही.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी एरवी भांडत नाही. (हसू नकोस.) मी म्हटलं, तुमच्यापैकी कुणी मोठ्या व्हॉल्व्हचं चाक भराभरा फिरवलं आहे? चाक फिरवणाऱ्याला श्वास पुरत नाही, तो आईला काय आठवणार? तो मोजतो. नुसता मोजतो. व्हॉल्व्हमननं मोजलं नाही तर चाक जाम झालं की व्हॉल्व्ह बंद झाला हे त्याला कळत नाही, आणि अर्धवट सोडून आला तर सगळं फुकट. म्हणून एक, दोन, तीन, शेवटच्या फेऱ्यापर्यंत. आमचा चव्वेचाळीस फेऱ्यांचा होता. कवी म्हणाले, काका, आकडे म्हणजे काय संवाद झाला? आणि मग मला त्यांना आपल्या खड्ड्याची गोष्ट सांगावी लागली.

तुला ती माहीत आहे, तरी लिहितो, कारण तू ती दरवेळी चुकीची सांगतोस. मोठ्या टाकीखालचा पाइप भर दुपारी फुटला. खड्ड्यात तू आणि मी, पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला. खाली उतारावर प्रसूतीचं हॉस्पिटल, तळमजल्यावर बाळंतिणींच्या खाटा. वर येऊन फोन करण्याइतका वेळ नव्हता. मी चाक धरलं आणि फिरवायला लागलो. कुणी कुणाला काही म्हटलं नाही, तूसुद्धा नाही, आणि तू गप्प राहिलेला मी तेव्हाच एकदा पाहिला आहे. नुसते आकडे. चव्वेचाळीस झाले तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. मग आपण वर येऊन चहा मागवला आणि चहावाल्यानं आपल्याला ओलं बघून खुर्चीवर बसू दिलं नाही. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस फेरे मी एकट्यानं फिरवले. तिसापासून तू घेतलेस असं तू लोकांना सांगतोस, ते मी ऐकून आहे. तू घाबरलेला होतास, मोजण्यात चुकलास, एवढंच मी म्हणेन.

गोष्ट संपली तेव्हा कवींनी आपलं दीड पान घडी करून खिशात ठेवलं. राग नव्हता. म्हणाले, बरोबर आहे, मोजू द्या त्यांना. खरं सांगतो, बारक्या, मला वाईट वाटलं. एवढं लिहून आणलं होतं त्यांनी. मी म्हटलं, पुढं कुठं तरी कर्णधाराला द्या, त्याला पचतं. ते म्हणाले, तोच विचार चालू आहे.

आम्ही परवा ते भरून घ्यायला बसलो. दिवा लाल झाला, काचेपलीकडं सूनबाई. मी डोळे मिटून घेतले, हातात खुर्चीचा दांडा धरला आणि सुरू केलं. एक. दोन. दहापर्यंत सहज. विसाला दम लागला, तो खराच लागला, नाटक करायची गरज नव्हती. कर्णधारबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांचेही ओठ हलत होते. एकोणतीस म्हटलं, आणि तिसाला घसा बसला. म्हणजे आवाज आलाच नाही. तोंड उघडं, हवा बाहेर, आवाज नाही, त्या मेस्त्रीच्या टोपासारखं. (बरोबर तिसालाच बसला हा योगायोग आहे. त्यातून अर्थ काढत बसू नकोस, मी तुला ओळखतो.) बाईंनी कोमट पाणी दिलं. तासभर थांबलो. पुन्हा बसलो तर एक, दोनसुद्धा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. सूनबाई काचेपलीकडून म्हणाली, "बाबा, आज पुरे." आज पुरे काय, डॉक्टर म्हणतो सात तारखेपर्यंत कुजबुजायचंही नाही. म्हणून मी आता घरात पाटीवर लिहितो. काल चहात साखर नाही असं लिहिलं, तर नातीनं खाली मार्क दिले, दहापैकी चार, शुद्धलेखनाचे.

हे भाग महिनाअखेरीला दाखवायचे आहेत, तारीख हलत नाही. दिग्दर्शकबाईंनी दुसरा नट आणला. तोच ऱ्हासवाला. भला माणूस, खूप मनापासून मोजत होता. पण तो एकतीस असं म्हणत होता जणू एकतीस हे कुणाचं तरी नाव आहे आणि ते त्याला सोडून चाललं आहे. सूनबाईनं घरी मला ऐकवलं. मी पाटीवर लिहिलं, नको. तिनं विचारलं, मग काय करायचं? मी पाटी पुसली आणि झोपायला गेलो.

असं सगळं इकडचं. बाकी विशेष नाही. नात अभ्यास करते, चिरंजीव दौऱ्यावर आहेत, मोरीचा नळ मी बदलला. भावजयीस आशीर्वाद, तिला सांग, साखर मोजायचं यंत्र कपाटात ठेवून साखर कमी होत नाही.

तुझा,
दादा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहून गेलं. तू शुक्रवारच्या गाडीनं ये. सूनबाईला सांगितलं आहे, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं आहे. तिसापासून चव्वेचाळीसपर्यंत तू म्हणायचंस. माझ्या आवाजात. बावीस वर्षांपूर्वी मी जे म्हटलं होतं ते तेवढ्यापुरतं मागं घेतो. नाकातून बोललास तर पुन्हा लागू होईल.

ता. क. २. मोजताना रडवेला होऊ नकोस, घाईही करू नकोस. खड्ड्यात जसा मोजलास तसाच मोज. साहेबांना फोन केलास तेव्हा जो रुबाब होता तो नको. टॉवेल मात्र आण, त्या खोलीत पंखा लावू देत नाहीत.

ता. क. ३. मेस्त्री मरत नाही. मी दिग्दर्शकबाईंना विचारलं होतं, मेला की वाचला ते सांगा, तसा आवाज लावतो, तर त्या म्हणाल्या, काकांनी न कळता बोलायला हवं, म्हणून शेवटचे दोन भाग त्यांनी मला दाखवले नाहीत. सूनबाईनं काल भाकरी थापता थापता सांगून टाकलं. सव्विसाव्या भागात दार फोडतात तर आत हा पेटीवर बसलेला. हवेची एक जादा टाकी त्यानं पहिल्याच भागात त्या खोलीत नेऊन ठेवली होती, कुणी विचारलं नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही. कर्णधार रडतो. मेस्त्रीचं तोंड दोनदा उघडतं. तिथं काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. कवींनी "अमृत" लिहिलं आहे, खड्ड्यातून वर आल्यावर कुणी अमृत मागवतं का? तूच तिथं उभा असशील, तेव्हा काय ते तू बघ. मला विचारू नकोस, मी दोन महिने बोलणार नाही.

ता. क. ४. तिसापासून तूच घेतले होतेस. माझा हात सुटला होता, आणि तू मला ढकलून चाक धरलंस आणि तीस म्हटलंस, तेही माझ्याच आवाजात, त्यामुळं मला काही क्षण वाटलं मीच फिरवतोय. हे स्टुडिओत कुणाला सांगू नकोस, तिथं मी चव्वेचाळीस सांगितले आहेत. तू येऊन शहाणपणा करशील म्हणून इथं लिहिलं. यापुढं या विषयावर, घशाच्या विषयावर आणि एकूणच मी एक अक्षर लिहिणार नाही. गाडी शुक्रवारची आहे.